पास आहे, बस कुठे आहे?

उस्मानपुऱ्याच्या चौकात सकाळी साडेसात-आठच्या सुमारास जी वर्दळ असते, तिच्यात पाठीवर दप्तर घेतलेल्या मुली पुष्कळ दिसतात. काही याच परिसरातल्या. पण कित्येक जणी बिडकीन, पैठण, गंगापूर या वाटांवरच्या गावांतून पहाटे निघालेल्या. स्टेशन रस्त्यावरील देवगिरी महाविद्यालय असो वा आसपासच्या शिकवण्या असोत, त्यांचा दिवस एसटीच्या फेरीवर अवलंबून असतो. फेरी आली तर पहिला तास मिळतो, फेरी रद्द झाली तर तो बुडतो. आणि फेरी वारंवार रद्द होऊ लागली की घरातील वडीलधारी माणसे एके दिवशी शांतपणे म्हणतात, ‘पुरे झाले आता शिक्षण.’ ग्रामीण भागातील मुलींना बारावीपर्यंत शाळेसाठी एसटीचा मोफत पास मिळतो. त्या योजनेला पुण्यश्लोक अहिल्यादेवींचे नाव आहे. दप्तरात पास आहे. रस्त्यावर बस नाही.

ती बस का नाही, याची कारणे अनेक सांगितली जातात. करोनाचा काळ, २०२१-२२ चा प्रदीर्घ संप, गाड्यांचे वाढलेले वय, महामंडळाचा संचित तोटा. ही सर्व कारणे खरी आहेत. परंतु या साऱ्यांवर उतारा म्हणून जी मोठी घोषणा झाली होती, तिचे पुढे काय झाले, हे विचारण्याचे धैर्य फार थोड्यांनी दाखवले.

जुलै २०२३ मध्ये राज्य परिवहन महामंडळाने ५,१५० विद्युत बसगाड्यांसाठी हैदराबादच्या एव्ही ट्रान्स या कंपनीला इरादापत्र दिले. ऑलेक्ट्रा ही बस बांधणारी कंपनी आणि एव्ही ही ती चालवणारी, दोन्ही एकाच उद्योगसमूहाशी निगडित. सुमारे १०,००० कोटी रुपयांचे काम, बारा वर्षांचा करार, आणि सर्व गाड्या चोवीस महिन्यांत. १३ फेब्रुवारी २०२४ रोजी ठाण्यात तत्कालीन मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांच्या हस्ते शुभारंभ झाला, नारळ फुटला, छायाचित्रे निघाली. त्यानंतर राज्यातील आगारे वाट पाहत बसली. मे २०२५ मध्ये परिवहनमंत्री प्रताप सरनाईक यांनी हे कंत्राट रद्द करण्याचे निर्देश दिल्याचे जाहीर केले, तेव्हा आलेल्या गाड्यांची संख्या होती साधारण २२०.

हा हिशेब कोणत्याही गृहिणीला कळेल असा आहे. ५,१५० गाड्यांना २४ ने भागले तर महिन्याला सुमारे २१५ येतात. इरादापत्रापासून मोजले तर बावीस महिन्यांत जे आले, ते एका महिन्याच्या हप्त्याएवढे! प्रत्यक्ष करार काही महिन्यांनी झाला, असे कोणी म्हणेल. मग ते महिने वजा करा. एकाचे दोन होणार नाहीत.

बसची वाट पाहत हैदराबादकडे डोळे लावून बसण्याचे दिवस १७ सप्टेंबर १९४८ रोजीच संपले, अशी मराठवाड्याची समजूत होती. असो.

‘पैसे दिलेच नाहीत, मग नुकसान कसले?’

या प्रकरणात महामंडळाच्या बाजूने एक युक्तिवाद हटकून केला जातो. गाड्या विकत घेतलेल्या नाहीत. त्या भाडेतत्त्वावर आहेत. गाडी कंपनीची, चालक कंपनीचा, देखभाल कंपनीची. महामंडळाने प्रत्येक किलोमीटरमागे ठरलेला दर द्यायचा. गाडी आली नाही तर पैसे गेले नाहीत, मग नुकसान झालेच कुठे?

वरवर चोख दिसणारा हा युक्तिवाद मुळातच पोकळ आहे. लग्नघरी आचाऱ्याने येतो म्हणून सांगितले आणि तो आलाच नाही. त्याला पैसे दिले नव्हते म्हणून यजमानाचे काही गेले नाही, असे कोणी म्हणेल काय? तो येणार म्हणून दुसरा आचारी बोलावला नाही, हेच नुकसान. पाच हजार बसगाड्या येणार, या भरवशावर महामंडळाने आपल्या जुन्या गाड्या आणखी रेटल्या. ज्या गाड्यांना भंगाराची वाट दाखवायची त्या घाटात चढवल्या. फेऱ्यांचे नियोजन त्या न आलेल्या गाड्यांच्या आशेवर लांबणीवर पडले. कंपनीच्या खात्यात पैसे गेले नाहीत हे खरे. पण ज्या मुलीचे वर्ष गेले, ज्या रुग्णाची छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयातील तपासणीची तारीख चुकली, त्यांच्या खात्यातून गेलेच. ते कोणत्याही ताळेबंदात लिहिले जात नाही एवढेच.

आणि प्रवाशाकडून मात्र वेळेवर वसूल करण्यात महामंडळ कधी मागे राहिले नाही. २५ जानेवारी २०२५ पासून एसटीचे तिकीट १४.९५ टक्क्यांनी वाढले. त्या वाढीला मुदतवाढ मिळाली नाही, तिच्यासाठी सुधारित वेळापत्रक निघाले नाही. मध्यरात्री बारा वाजता ती लागू झाली आणि पहाटेच्या पहिल्या फेरीत वाहकाने ती घेतली. प्रवाशाच्या बाबतीत जी तत्परता दिसते, ती पुरवठादाराच्या बाबतीत का दिसत नाही?

कंपनीचीही एक बाजू आहे आणि ती न ऐकणे अन्यायाचे होईल. विद्युत बस उभी करायची तर आगारात चार्जिंगची सोय हवी, उच्चदाबाची वीजजोडणी हवी, जागा मोकळी हवी. हे काम अनेक ठिकाणी रखडले. त्याचा दोष कंपनीच्या माथी मारता येणार नाही. परंतु यातून निष्पन्न काय होते? एवढेच, की उत्तर देणारे दोन आहेत. ज्या आगारात जोडणी तयार होती तेथे बस का आली नाही, हे कंपनीने सांगावे. आणि जेथे जोडणी तयार नव्हती तेथे ती कोणत्या अधिकाऱ्याच्या मेजावर अडली, हे महामंडळाने सांगावे. प्रत्यक्षात घडते ते असे, की कंपनी महामंडळाकडे बोट दाखवते, महामंडळ वीज कंपनीकडे, आणि प्रवासी फलाटावरच्या घड्याळाकडे पाहत राहतो.

खरा प्रश्न त्याही आधीचा आहे. जुलै २०२३ पर्यंत या कंपनीने कोणत्याही एका वर्षात हजार बसगाड्यासुद्धा दिलेल्या नव्हत्या. तिला दोन वर्षांत ५,१५० गाड्यांचे काम देताना कारखान्याची क्षमता कोणी तपासली? शिवाय हीच कंपनी मुंबईच्या बेस्टला २,१०० विद्युत बसगाड्या देणे लागत होती. मे २०२२ मधील ते कंत्राट उच्च न्यायालयात गेले, सर्वोच्च न्यायालयात गेले, १९ मे २०२३ रोजी निकाल कंपनीच्या बाजूने लागला. म्हणजे एक मोठे देणे नुकतेच डोक्यावर आले होते, त्याचा प्रारंभही पुरता झालेला नव्हता, आणि दोन महिन्यांच्या आत त्याच्या अडीचपट दुसरे काम पदरात पडले. बेस्टच्या गाड्याही वर्षभराच्या ठरल्या मुदतीत निम्म्यासुद्धा आल्या नाहीत. शेजारच्या किराणा दुकानदारालाही कळते की, एका गिऱ्हाइकाची उधारी फेडायची राहिलेल्या माणसाकडून दुसरी मोठी आगाऊ बोली करू नये.

अडलेला गिऱ्हाईक

पुरवठादार मुजोर होतो तो त्याच्या दुष्टपणामुळे नव्हे. गिऱ्हाईक अडलेला आहे, हे त्याला ठाऊक असते म्हणून. मुंबईच्या मोनोरेलइतके याचे कडू उदाहरण महाराष्ट्रात दुसरे नाही. नोव्हेंबर २००८ मध्ये लार्सन अँड टुब्रो आणि मलेशियाची स्कोमी इंजिनिअरिंग यांना हे काम देण्यात आले. पंधरा गाड्या द्यायच्या होत्या, आल्या दहा. वडाळा ते चेंबूर हा पहिला टप्पा फेब्रुवारी २०१४ मध्ये सुरू झाला, तोच कित्येक मुदती उलटून. ९ नोव्हेंबर २०१७ रोजी म्हैसूर कॉलनी स्थानकात दोन डबे जळाले आणि सेवा दहा महिने बंद राहिली. डिसेंबर २०१८ मध्ये एमएमआरडीएने स्कोमीची हकालपट्टी केली. हे योग्यच झाले. पण त्यानंतर काय? त्या गाड्यांचे सुटे भाग बाजारात मिळेनात. एका गाडीचे भाग काढून दुसरीला बसवायचे आणि उरलेल्या चार गाड्या कशाबशा चालवायच्या, असा संसार वर्षानुवर्षे चालला. नव्या दहा गाड्यांसाठी निविदा निघाली तर पुढे आल्या चिनी कंपन्या! गलवानमध्ये आपल्या जवानांचे रक्त सांडल्यावर जून २०२० मध्ये ती निविदा रद्द झाली, आणि पुढे हैदराबादच्या मेधा सर्वो ड्राइव्हजकडे काम गेले. १९ ऑगस्ट २०२५ च्या पावसात क्षमतेहून अधिक भार झालेली गाडी अधांतरी अडकली आणि पाचशेहून अधिक प्रवाशांना शिड्या लावून उतरवावे लागले. २० सप्टेंबरपासून सेवाच थांबवण्यात आली. ५ नोव्हेंबरला वडाळ्यात चाचणी सुरू असताना नवी गाडीही मार्गावरून कलंडली.

हा शेवटचा तपशील आपल्याला गैरसोयीचा आहे. म्हणूनच तो सांगितला पाहिजे. गाडी भारतात बांधली म्हणजे काम झाले, असे स्वदेशी मानणाऱ्यांनीही समजू नये. दत्तोपंत ठेंगडींनी मांडलेला स्वदेशीचा विचार हा केवळ वस्तूवरच्या ठशाचा विचार नव्हता. स्वतःच्या पायावर उभे राहण्याच्या सामर्थ्याचा होता. ऑलेक्ट्रा हैदराबादची, पण तिची तांत्रिक भागीदारी चीनच्या बीवायडीशी राहिली आहे. कागदावर भारतीय असलेली बस परकीय तंत्रावर अवलंबून असेल, तर तिच्या वेळापत्रकाची किल्ली कोणाच्या हाती असते?

परदेशातील श्रीमंत शहरांचीही याहून वेगळी गत झालेली नाही. कॅनडातील टोरांटो, जेथे मराठी कुटुंबेही आता थोडीथोडकी नाहीत, तेथील परिवहन मंडळाने २००९ मध्ये बंबार्डियर या कंपनीकडे २०४ ट्राम मागवल्या. पहिल्या दोन प्रवाशांना मिळाल्या त्या ऑगस्ट २०१४ अखेरीस; शेवटची आली जानेवारी २०२० मध्ये. मेक्सिकोतील कारखान्यात बनलेले भाग कॅनडातील कारखान्यात जुळेनात. २०१५ मध्ये मंडळाने पाच कोटी डॉलरच्या भरपाईचा दावा करण्याचा निर्णय घेतला. एवढे झाल्यावर पुढच्या साठ ट्राम कोठून घेतल्या? त्याच कारखान्यातून, तोवर त्याची मालकी आल्स्टॉमकडे गेली होती. त्या रुळांवर चालणारी ट्राम दुसऱ्याकडे बांधून घेणे सोपे नव्हते. गिऱ्हाईक अडलेला होता.

आपल्याकडचा गिऱ्हाईक मात्र अडलेला नव्हता. त्याने स्वतःला अडवून घेतले. उस्मानपुऱ्याहून जालना रस्त्याने निघाले की चिकलठाणा फार तर अर्ध्या तासावर. तेथे एसटीची मध्यवर्ती कार्यशाळा आहे. पुण्याजवळ दापोडी, नागपूरजवळ हिंगणा आणि येथे चिकलठाणा, अशा तीन कार्यशाळांत महामंडळ पिढ्यान्‌पिढ्या स्वतःच्या गाड्या बांधत आले. सांगाडा कंपनीकडून घ्यायचा आणि त्यावर बस उभी करायची ती आपल्या माणसांनी. महाराष्ट्राच्या रस्त्यांना, गर्दीला, टपावरच्या ओझ्याला मानवेल अशी लालपरी येथील वेल्डरने, पत्रेकाम करणाऱ्याने, रंगाऱ्याने घडवली. अ‍ॅल्युमिनियमच्या जुन्या गाड्यांची पोलादी पुनर्बांधणी करण्याचे कामही याच कार्यशाळांनी करून दाखवले. ज्या संस्थेच्या घरात अशी विद्या आहे, तिने पुरवठादारापुढे हात जोडून उभे राहण्याचे कारण काय? पण तयार गाड्या घेण्याचे आणि पुढे गाड्या भाड्याने घेण्याचे धोरण आले, नवी भरती आटली, आणि घरची विद्या घरातच गंजू लागली. विद्युत बस बांधणे हे लालपरी बांधण्याइतके सोपे नाही, हे मान्य. पण पाच हजार गाड्यांच्या करारात यांपैकी काही गाड्यांची बांधणी आणि सर्वांची मोठी दुरुस्ती चिकलठाण्यात व्हावी, कंपनीने येथील कामगारांना शिकवावे, एवढी अट घालणे अशक्य होते काय?

तुलनेसाठी एक घटना पुरेशी आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये महामंडळाने अशोक लेलँडला २,१०४ साध्या डिझेल बसगाड्यांची मागणी दिली, ९८१ कोटी रुपयांची. २०२५ च्या पहिल्या काही महिन्यांतच त्या गाड्या आगारांत दिसू लागल्या. म्हणजे क्षमता पाहून, पैसे मोजून, साधी वस्तू मागितली तर ती मिळते.

काटे काढणे

कौटिल्याच्या अर्थशास्त्रातील चौथ्या अधिकरणाचे नाव ‘कण्टकशोधन’. राज्याच्या अंगात रुतलेले काटे काढणे. त्याचा प्रारंभ चोर-दरोडेखोरांपासून होत नाही, तो होतो काम अंगावर घेणाऱ्या कारागिरांपासून. ठरल्या काळात काम न केल्यास वेतनाचा चौथा हिस्सा कापावा आणि शिवाय त्याच्या दुप्पट दंड करावा, असे तेथे सांगितले आहे. अपवाद आहे तो आपत्तीचा. म्हणजे ‘पाहू, करू, आणखी तीन महिने द्या’ याला आपल्या प्राचीन राज्यशास्त्रात जागा नव्हती.

अर्वाचीन कायदाही दुबळा नाही. १८७२ च्या करार कायद्याचे ७४ वे कलम दंडाची रक्कम आधीच ठरवून ठेवण्याची मुभा देते. २००३ मध्ये तेल व नैसर्गिक वायू महामंडळ आणि सॉ पाइप्स यांच्यातील खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने याबाबत जे सांगितले, ते प्रत्येक सरकारी खरेदी अधिकाऱ्याने भिंतीवर लावावे असे आहे. पाइप उशिरा आले होते. युरोपातील पोलाद कारखान्यांत संप होता, अशी सबब होती. सरकारी महामंडळाने ठरलेला विलंबदंड कापून घेतला होता. लवादाने म्हटले, तुमचे नुकसान किती झाले ते आधी सिद्ध करा. न्यायालयाने म्हटले, दोन्ही पक्षांनी नुकसानीचा वाजवी अंदाज आधीच करून करारात लिहिला असेल, तर तो पुन्हा सिद्ध करत बसण्याचे कारण नाही. कायदा असा हाताशी आहे. उणीव आहे ती तो वापरणाऱ्या हाताची. मे २०२५ ची घोषणा ठळक मथळ्यांत झळकली. पण न आलेल्या गाड्यांपोटी दिवसागणिक किती दंड कापला, याचा फलक कोणत्याही बसस्थानकावर लागला नाही.

येथे काही वाचकांच्या मनात एक अस्वस्थता उमटेल. २००८ मध्ये मोनोरेलचे कंत्राट झाले तेव्हा राज्यात आघाडीचे सरकार होते. त्याला जाब विचारणे सोपे होते. २०२३ चे कंत्राट झाले ते आपण मते मागून, पायपीट करून निवडून आणलेल्यांच्या काळात. मग घरचे धुणे चव्हाट्यावर कशाला? पण ज्या कार्यकर्त्याने मतदारयादी हातात घेऊन घरोघरी शब्द दिला, त्याच्या दारावरच बिडकीनची आई उद्या येऊन उभी राहणार आहे. ती मंत्रालयात जाणार नाही. तिला तो रस्ता माहीत नाही. पं. दीनदयाळजींनी सांगितलेला अखेरच्या ओळीतला माणूस तिच्याच रूपाने फाट्यावर उभा आहे. तिला ‘विरोधकांच्या काळातही असेच होते’ हे उत्तर द्यायचे असेल, तर मग सरकार बदलण्याचा खटाटोप कशासाठी होता?

एक योगायोग सांगायचा राहिला. कंत्राट रद्द करण्याच्या निर्देशांची बातमी आली ती मे २०२५ च्या अखेरच्या आठवड्यात. त्याच आठवड्यात, ३१ मे रोजी, अहिल्यादेवींच्या जन्माला तीनशे वर्षे झाली. गावोगावी व्याख्याने झाली, शोभायात्रा निघाल्या. ज्या राज्यकर्तीने हिंदुस्थानभर घाट, विहिरी आणि धर्मशाळा बांधून वाटसरूची सोय पाहिली, तिच्या नावाचा पास दप्तरात ठेवून एखादी मुलगी त्या दिवशीही कोठल्यातरी फाट्यावर उभी असेल.

करण्याजोगे काम मोठे नाही. संत एकनाथ रंगमंदिराची दुरुस्ती काही वर्षे रेंगाळली तेव्हा उस्मानपुऱ्यातील रसिकांना जो अनुभव आला, तो हाच की, विचारणारे कोणी असले की मुदत पाळली जाते. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ मध्ये पुण्यात ग्राहक पंचायतीचे काम सुरू केले, ते याच विश्वासावर. प्रत्येक आगारासाठी एक अर्ज पुरेसा आहे. या आगारासाठी किती विद्युत बसगाड्या ठरल्या होत्या आणि कोणत्या तारखेपर्यंत? किती आल्या, कोणत्या तारखांना? वीजजोडणीचा अर्ज कधी केला, ती कधी मिळाली? विलंबापोटी दंड किती आकारला, किती वसूल झाला, किती माफ केला, आणि माफीच्या आदेशावर सही कोणाची? माहिती अधिकाराचा कायदा २००५ पासून आहे. अर्जाला दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप लागतो आणि उत्तर तीस दिवसांत द्यावे लागते.